जखम हाडापर्यंत गेली आहे का?

कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या फाउंड्रीत जड सेफ्टी शूज घालून दिवस काढणाऱ्या, साठीकडे झुकलेल्या मधुमेही कामगाराच्या अंगठ्याला बूट चावतो. नसा बधिर, त्यामुळे दुखत नाही. मोजा ओला दिसल्यावरच जखम कळते. पायाला रक्त कमी पोचत असेल तर लाली, सूज, ताप दबून राहतात. ‘ताप नाही, म्हणजे हाड ठीक’ हा समज पाय घालवू शकतो.

डॉक्टर निर्जंतुक बोथट सळई जखमेत अलगद घालतात. टोकाला टणक हाड लागलं, की ऑस्टिओमायलायटिसचा, म्हणजे हाडातल्या जंतुसंसर्गाचा संशय बळावतो. रक्ततपासणीतला ईएसआर ७० च्या वर असेल तर आणखीच. एक्स-रेत बदल उमटायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पहिला स्वच्छ आला तरी पुन्हा काढायलाच हवा. एमआरआय अधिक नेमका, पण खात्री हाडाच्या तुकड्याच्या तपासणीतूनच होते. वरवरच्या पुवाचा स्वॅब अनेकदा भलताच जंतू दाखवतो.

पायाला रक्त पुरेसं पोचतंय का, हेही पाहावं लागतं. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून ०.९ पेक्षा कमी आलं, तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्यात असं समजतात. मधुमेहात धमन्या कडक होऊन हा आकडा खोटाच चांगला येतो. तेव्हा पायाच्या बोटातला दाब मोजायला सांगा.