हार्डवेअर रेड की सॉफ्टवेअर रेड? घरच्या डेटासाठी काय निवडाल

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या लॅबमधला जुना सर्व्हर एका सकाळी सुरूच झाला नाही. आत दोन-दोन टीबीच्या चार डिस्क होत्या आणि चारही ठणठणीत. गेलं होतं ते त्यांना एकत्र बांधणारं रेड कार्ड. त्या मॉडेलचं उत्पादन कधीच बंद झालेलं. शेवटी जुना माल विकणाऱ्या एकाकडे तसंच कार्ड मिळालं, ते लावलं आणि सगळ्या फाइल्स जशाच्या तशा दिसल्या. पण यात एकोणीस दिवस गेले. पक्ष्यांच्या आवाजांची माझी दोन हंगामांची रेकॉर्डिंग्ज समोरच्या डिस्कवर होती, आणि मला ती उघडता येत नव्हती.

संशोधनात उतरलात की तुमच्याकडेही डेटा साचत जाणार. घरी फोटो, लग्नाचे व्हिडिओ आणि सिनेमे असतातच. मग एक छोटा सर्व्हर करावासा वाटतो आणि पहिला प्रश्न येतो: हार्डवेअर रेड घेऊ की सॉफ्टवेअर?

आधी रेड म्हणजे काय ते बघू. १९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एक शोधनिबंध मांडला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापरायच्या, आणि एखादी गेली तरी डेटा वाचेल अशी सोय करायची, ही त्यातली कल्पना. रेड १ मध्ये दोन डिस्कवर एकच मजकूर असतो. रेड ५ मध्ये पॅरिटी असते. समजा तीन डिस्कवर १, ०, १ असे बिट आहेत. एकूण १ ची संख्या सम राहील असा बिट चौथ्या डिस्कवर लिहायचा, म्हणजे इथे ०. आता पहिली डिस्क गेली तर उरतात ०, १ आणि पॅरिटीचा ०. संख्या सम व्हायला हवी, म्हणजे हरवलेला बिट १ होता. झालं, एवढंच गणित! (प्रत्यक्षात पॅरिटी एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर फिरती ठेवतात.)

हे गणित कोण करतं, यावरून दोन प्रकार पडतात. हार्डवेअर रेडमध्ये कार्डावरचा वेगळा प्रोसेसर करतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमला एकच मोठी डिस्क दिसते. सॉफ्टवेअर रेडमध्ये तुमच्या कॉम्प्युटरचा सीपीयू करतो. त्यासाठी लिनक्सवर एमडीएडीएम आहे, आणि झेडएफएससारखी फाइल सिस्टिम तर हे काम स्वतःच करते.

‘हार्डवेअर म्हणजे वेगवान’ हे तुम्ही ऐकलं असेल. सीपीयू कमजोर होते तेव्हा ते खरं होतं. आजचा साधा सीपीयूसुद्धा पॅरिटीचं गणित सेकंदाला काही जीबी या वेगाने करतो. घरात अडतं ते नेटवर्कवर: गिगाबिट केबलमधून सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, आणि तेवढं एकटी हार्ड डिस्कही देते. फोरके ब्लू-रेला सेकंदाला फार तर १६ एमबी लागतात. म्हणजे सिनेमा बघायला कार्डाचा वेग काही कामाचा नाही.

खरा प्रश्न वेगळाच आहे: डिस्कवर डेटा कोणत्या क्रमाने मांडलाय, हे कोणाला माहीत आहे? कार्डाची मांडणी बहुतेक वेळा त्या कंपनीची स्वतःची असते. कार्ड गेलं की तुम्हाला त्याच जातकुळीचं कार्ड शोधावं लागतं. एमडीएडीएमची मांडणी खुली आहे. मदरबोर्ड जळाला तरी डिस्क काढा, दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनला जोडा, आणि ॲरे उभा राहतो. पेपरमध्ये आपण ‘पद्धती’ हा विभाग कशासाठी लिहितो? दुसऱ्याला ते काम पुन्हा करता यावं म्हणून. इथेही तेच.

कार्डाची बाजूही नीट बघायला हवी. पॅरिटी लिहिताना मध्येच लाइट गेली तर डेटा नवा आणि पॅरिटी जुनी असं होऊ शकतं. याला राइट होल म्हणतात. चांगल्या कार्डावर बॅटरी असते, त्यामुळे अर्धवट लिखाण जपलं जातं. झेडएफएस जुन्या जागेवर लिहीतच नाही, नवीन जागी लिहून मग पत्ता बदलते, त्यामुळे तिला हा धोका नाही. शिवाय प्रत्येक ब्लॉकचा चेकसम ठेवल्यामुळे दोन प्रतींपैकी खराब कुठली हे तिला कळतं. साध्या रेड १ ला ते कळत नाही. काहीही निवडा, पण यूपीएस हवाच.

माझा सल्ला: दोन डिस्क असतील तर सॉफ्टवेअर रेड १. चार किंवा जास्त असतील तर झेडएफएस, आणि शक्यतो दोन डिस्क गेल्या तरी चालेल अशी रचना. कारण ८ टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबीने पुन्हा भरायला किमान अकरा तास लागतात, आणि तेवढा वेळ बाकीच्या डिस्कवर ताण असतो. कार्ड आधीच हाताशी असेल तर ते डिस्क थेट दाखवू शकतं का ते बघा. मदरबोर्डच्या बायोसमधला ‘रेड’ पर्याय मात्र टाळा. त्यात गणित सीपीयूच करतो आणि मांडणी पुन्हा कंपनीची.

आणि रेड म्हणजे बॅकअप नाही! चुकून डिलीट केलेली फाइल रेड सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी घालवतं. माझी चूक हीच होती, माझा बॅकअप अर्धवट होता. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर ठेवा.

शेवटी एक गृहपाठ. ॲरे तयार झाला की त्यात चार फालतू फाइल्स टाका. मशीन बंद करून एक डिस्क काढा आणि फाइल्स उघडतात का बघा. मग सगळ्या डिस्क मित्राच्या मशीनला जोडून तिथेही बघा. एक दुपार जाईल, पण खरा डेटा टाकायचा तो त्यानंतरच.