किशोरांची भीती आणि मेंदूतले लगाम

परीक्षा महिन्यावर आली की झोप उडणारी, वर्गात उभे राहून चार ओळी वाचायच्या म्हटले तरी तळहातांना घाम फुटणारी मुले घरोघरी आढळतात. ‘वयच तसे आहे’ किंवा ‘अभ्यास टाळण्याचे निमित्त’ असे म्हणून त्यांची बोळवण केली जाते. यात वयाचा संबंध आहे, हे खरेच. मात्र तो नेमका कसा, याचे उत्तर मेंदूतील आवर घालणाऱ्या पेशींत बऱ्याच अंशी सापडते.

मेंदूतील चेतापेशी ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. उत्तेजक पेशी पुढच्या पेशीला चेतवतात, तर निरोधक पेशी तिला शांत करतात. मेंदूच्या बाह्य स्तरात निरोधक पेशींचे प्रमाण जेमतेम एक-पंचमांश आहे; पण त्यांच्यावाचून मेंदूचा कारभार एका क्षणातच कोलमडेल. या पेशी ‘गाबा’ नावाच्या रसायनाद्वारे आपला निरोप पोहोचवतात. हे रसायन मेंदूत असल्याचे १९५० मध्ये उघड झाले. चिंता कमी करण्यासाठी १९६३ मध्ये बाजारात आलेले डायझेपाम हे औषध याच गाबाचा प्रभाव वाढवते, हे पुढे सिद्ध झाले.

भीतीचे दार

मेंदूच्या खोल भागात बदामाच्या आकाराचे ‘अमिग्डला’ नावाचे केंद्र आहे. धोका ओळखणे आणि शरीराला सावध करणे हे त्याचे एक प्रमुख काम. धोका जाणवताच उंदीर जागच्या जागी गोठून उभा राहतो, ही उपजत प्रतिक्रिया याच केंद्रातून येते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्था आणि स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या केंद्राची अंतर्गत रचना उलगडून दाखवली. तेथे निरोधक पेशींचेच दोन गट एकमेकांना आवर घालतात. त्यांपैकी कोणता गट वरचढ ठरतो, यावर उंदीर गोठणार की नाही हे अवलंबून असते.

निरोधक पेशी म्हणजे केवळ ब्रेक, असे मात्र समजता येणार नाही. कॅलिफोर्नियातील त्याच संस्थेने २०१४ मध्ये अमिग्डलाच्या दुसऱ्या भागातील निरोधक पेशी प्रकाशाच्या साहाय्याने जागृत केल्या, तेव्हा उंदरांनी चक्क हल्ला केला. सौम्य उत्तेजनाने तेच उंदीर समागमाकडे वळले. म्हणजे उपजत वर्तन रोखण्यात जसा या पेशींचा हात आहे, तसाच ते सुरू करण्यातही.

अर्धवट बांधलेले लगाम

अमिग्डलावर देखरेख ठेवणारा मेंदूचा अग्रखंड सर्वांत उशिरा, विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. तेथील निरोधक पेशींची जडणघडणही पौगंडावस्थेत चालू असते. भीती मावळते तेव्हा जुनी आठवण पुसली जात नाही, हे येथे लक्षात घ्यायला हवे. अग्रखंडाच्या इशाऱ्यावरून अमिग्डलातील निरोधक पेशी भीतीचा निरोप अडवतात, असे प्रामुख्याने प्राण्यांवरील संशोधनातून दिसते.

हा दुवा पक्का नसल्यास काय होते? न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २०१२ मध्ये मुले, किशोर आणि प्रौढ यांची तुलना केली. रंगीत चौकोन दाखवून सोबत कर्कश आवाज ऐकवला, की त्या चौकोनाचीच धास्ती बसते. नंतर आवाज बंद केल्यावर मुलांची आणि प्रौढांची धास्ती ओसरली. १२ ते १७ वयोगटात मात्र ती तुलनेने टिकून राहिली. उंदरांतही तसेच आढळले.

वेळ आणि मदत

‘एकदा सर्वांसमोर उभे केले की भीती मोडते’ हा घरोघरचा समज या निष्कर्षांपुढे तोकडा पडतो. किशोरांची भीती मोडायला अधिक वेळ, अधिक सराव आणि निर्धास्त वातावरण लागू शकते. भिडस्त मुलावर ओरडण्याने त्याच्या मेंदूतील लगाम लवकर तयार होत नाहीत.

मात्र वय सरले की सारे सुरळीत होईल, असे गृहीत धरणेही धोक्याचे आहे. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक सर्वेक्षणानुसार, चिंताविकार जडलेल्यांपैकी निम्म्या जणांत त्याची सुरुवात वयाच्या ११ व्या वर्षापर्यंतच झालेली होती. शाळा बुडू लागली, झोप व जेवण बिघडले आणि हे आठवडेच्या आठवडे टिकले, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. घरातील मोठ्यांच्या झोपेच्या गोळ्या मुलांना परस्पर देणे कटाक्षाने टाळावे. अशा अनेक गोळ्या गाबावरच काम करतात आणि त्यांची सवय लागते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मार्गदर्शन मिळते.