हजार ग्रह आणि एक जांभई

कागद-पेन्सिल घेऊन बसा, पुढे शून्यं सांडणार आहेत.

सप्टेंबर 2020. मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की बेथेस्डा या गेम बनवणाऱ्या कंपनीची मालक असलेली झेनीमॅक्स आम्ही घेतोय. किंमत साडेसात अब्ज डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने 55 हजार कोटी रुपये! शिवडीहून न्हावाशेव्याला जाणारा आपला अटल सेतू साधारण 18 हजार कोटींचा. तसे तीन पूल समुद्रात उभे राहतील एवढा पैसा. आणि या सौद्यातला सगळ्यात गाजावाजा झालेला गेम म्हणजे ‘स्टारफील्ड’. तो आला 6 सप्टेंबर 2023 ला.

आता गर्दी बघा. स्टीम या गेमच्या एकट्या ऑनलाइन दुकानातून एकाच वेळी खेळणारे सुमारे 3 लाख 30 हजार. वानखेडेवर 33 हजार माणसं मावतात. तशी दहा वानखेडे खच्चून भरा. दोन आठवड्यांत खेळाडूंची संख्या 1 कोटीच्या पुढे. प्रत्येकाने दहाच तास खेळला म्हणा, तरी झाले 10 कोटी तास. म्हणजे सुमारे 11 हजार 400 वर्षं! तितकं मागे गेलं तर मोहेंजोदडोची पहिली वीटही भाजली नव्हती.

आत काय आहे? अडीच लाखांहून जास्त संवाद. एका वाक्याला चार सेकंद धरले तर दहा लाख सेकंद, 277 तास. डेक्कन क्वीन मुंबईहून पुण्याला सव्वातीन तासांत पोहोचते. तिच्या 85 फेऱ्या होतील, तेव्हा कुठे गेममधली पात्रं गप्प बसतील. हे सगळं ठेवायला कॉम्प्युटरवर 125 जीबी जागा लागते. जुन्या फ्लॉपीत भरायचं तर 86 हजार फ्लॉप्या लागल्या असत्या.

आणि ग्रह? हजारहून जास्त! शंभरहून जास्त ताऱ्यांभोवती फिरणारे.

अंतरं तर विचारूच नका. गेममधलं मोठं शहर न्यू अटलांटिस आहे अल्फा सेंटॉरी या खऱ्या ताऱ्याच्या घरात. आपल्यापासून 41 लाख कोटी किलोमीटर. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरलं तर साडेसत्तावीस हजार कोटी वेळा जावं लागेल. ताशी 160 किलोमीटरने, कुठेही न थांबता वंदे भारत सोडली तरी पोहोचायला जवळजवळ तीन कोटी वर्षं! गेममध्ये? बटण दाबा, पडद्यावर एक चित्र येतं, दोन-चार सेकंद, उतरा. अंतर खलास.

इथेच पहिली जांभई येते. यानात चढलं की थांबा, उडालं की थांबा, उतरलं की थांबा, दार उघडलं की पुन्हा थांबा. खेळाडू म्हणतात, आम्ही अंतराळात कमी आणि लोडिंगच्या पडद्यावर जास्त राहिलो.

उतरल्यावर काय? बनवणाऱ्यांचा प्रमुख टॉड हॉवर्ड यानेच आधी सांगून ठेवलं होतं की जीवसृष्टी साधारण दहा टक्के ग्रहांवर. राहिलेले नऊशे दगडधोंडे. तिथे चालायचं पायी, कारण गाडी मिळाली थेट ऑगस्ट 2024 मध्ये. धापा टाकत एका पडक्या क्रायो लॅबशी, म्हणजे अतिशीत प्रयोगशाळेशी, पोहोचावं, तर तेच गारठलेले बोळ, गुंड त्याच कोपऱ्यात, चिठ्ठी त्याच टेबलावर. गेल्या ग्रहावर होती तश्शी! काही ग्रहांवरच्या मंदिरांचं आणखी वेगळंच. आत तरंगायचं, चमकणाऱ्या ठिपक्यांमागे धावायचं, फिरत्या कड्यातून पार व्हायचं, की एक शक्ती मिळते. शक्ती 24, प्रत्येकीच्या पायऱ्या 10. सगळं पदरात पाडायचं तर जवळजवळ 240 वेळा तोच नाच!

रिकामे ग्रह मुद्दाम ठेवलेत, चंद्रावर गेलेले अंतराळवीर कुठे कंटाळले होते, असं उत्तर कंपनीने दिलं. अहो, ते 3 लाख 84 हजार किलोमीटर जीव मुठीत धरून गेले होते. आम्ही सोफ्यावर बसलोय!

डिसेंबर 2023 संपता संपता स्टीमवरच्या ताज्या अभिप्रायांवर ‘बहुतांशी नकारात्मक’ असा शिक्का बसला.

हजार ऐकून दमलात? 2016 मध्ये हेलो गेम्स या इंग्लंडमधल्या चिमुकल्या चमूने ‘नो मॅन्स स्काय’ आणला. त्यात ग्रह किती? 1 लाख 84 हजार कोटी कोटी! होय, कोटी दोनदा. सेकंदाला एक ग्रह पाहायचा म्हटलं तर 58 हजार 500 कोटी वर्षं. विश्वाचं वय 1,380 कोटी. म्हणजे हे अख्खं विश्व पहिल्यापासून 42 वेळा घडवा, तेव्हा यादी संपेल! आणि पहिल्या दिवसांतली तक्रार तीच: सगळीकडे तेच ते. ग्रह कॉम्प्युटर सूत्राने पाडतो म्हणे. कसे ते तो जाणे. चिठ्ठी मात्र माणसालाच लिहावी लागते, आणि ती कोटी कोटी वेळा कोण लिहिणार?

तेव्हा ‘स्टारफील्ड’ घ्यायचाच असेल तर सवलतीत घ्या, ग्रह सोडा, माणसांच्या मोहिमा खेळा. त्या चांगल्या जमल्यात. आणि 125 जीबी आधी मोकळे करा.