जबाबदारी मालकाची, पैसे कुणाचे?

मोटार अपघातात प्रवासी जखमी झाला तर भरपाई कोणी द्यायची, याचे उत्तर भारतात गेल्या ऐंशी वर्षांत अनेकदा बदलले. चालकाची हयगय आणि नोकराच्या कृत्याबद्दल मालकाची जबाबदारी ही तत्त्वे जुनीच होती. प्रश्न वसुलीचा होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने विमा सक्तीचा केला आणि ती सक्ती १९४६ पासून अमलात आली. पण प्रवाशांपैकी तिच्या कक्षेत आला तो मुख्यतः भाडे देणारा. ओळखीच्या माणसाच्या गाडीत फुकट बसलेला बाहेरच राहिला. १९५६ च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली आणि दिवाणी न्यायालयाची लांब वाट काहीशी आखूड झाली.

फुकट प्रवासी संरक्षणाबाहेर राहण्याची ही विसंगती एका प्रकरणात उघडी पडली. डिसेंबर १९६० मध्ये एका जिनिंग कंपनीची मोटार तिचा व्यवस्थापक स्वतः चालवत नागपूरहून पांढुर्ण्याला निघाला होता. वाटेत ती झाडावर आदळली आणि सोबत बसलेला प्रवासी दगावला. त्याला गाडीत घेणे हे कंपनीचे काम नव्हते, असे म्हणत उच्च न्यायालयाने कंपनीला मोकळे सोडले. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हा निकाल फिरवला: व्यवस्थापक कंपनीच्याच कामावर होता, म्हणून त्याच्या हयगयीला कंपनी जबाबदार. मोटार रस्ता सोडून झाडावर जाते, यातच हयगय दिसते. ती नव्हती हे दाखवणे प्रतिपक्षाचे काम, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. अपघात कसा झाला हे ठाऊक नसलेल्या वारसांकडून पुरावा मागणे अन्यायाचेच होते. विमा कंपनीची जबाबदारी मात्र पॉलिसीतल्या १५,००० रुपयांवरच थांबली.

त्याच वर्षी दुसऱ्या खटल्यात न्यायालयाने हयगय सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही, असे बजावले. त्यावर १९८२ च्या दुरुस्तीने उतारा दिला: दोष कुणाचाही असो, मृत्यूसाठी १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये. १९८८ च्या नव्या कायद्याने आणि १९९४ च्या दुरुस्तीने या रकमा वाढल्या. १९९४ मध्येच दावा दाखल करण्याची मुदतही काढून टाकण्यात आली.

मालवाहू ट्रक-टेम्पोत बसणाऱ्यांचा प्रश्न सर्वांत चिवट ठरला. वऱ्हाड टेम्पोतून नेणे ग्रामीण भागात नेहमीचेच. अशा प्रवाशांनाही विम्याचे संरक्षण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने आधी मानले; पण आशा राणी खटल्यात मोठ्या पीठाने तो अर्थ नाकारला. संरक्षण उरले ते मालासोबतच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला. २००४ मध्ये बलजित कौर खटल्यात न्यायालयाने मधली वाट काढली: विमा कंपनीने आधी पैसे द्यावेत, मग वाहनमालकाकडून वसूल करावेत. जखमींच्या दृष्टीने हाच निकाल अधिक माणुसकीचा होता. दुचाकीवर मागे फुकट बसणारा मात्र केवळ सक्तीच्या पॉलिसीखाली येत नाही, असे २००६ मध्ये ठरले.

२०१९ ची दुरुस्ती भरपाईबाबत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. आता दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. मालवाहू गाडीतल्या फुकट प्रवाशाला मात्र कायद्याच्या मजकुरातच वगळले आहे. शिवाय दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत परत आली. हाडे मोडून महिनोन्‌महिने अंथरुणावर पडलेल्यासाठी ती फार थोडी आहे.