कवच का आवळते?

बाभळीचा काटा टाचेत मोडून राहिला आणि वेळीच निघाला नाही, तर त्याच्याभोवती टणक गाठ धरते. परकी वस्तू शरीर आधी बाहेर ढकलू पाहते, विरघळवू पाहते. दोन्ही जमले नाही, तर तंतूंची भिंत उभारून तिला वेगळे काढते. छातीच्या कातडीखाली बसवलेल्या पेसमेकरभोवतीही अशीच भिंत तयार होते. ती फारशी जाणवत नाही, कारण पेसमेकर धातूचा असतो. भिंत आवळली तरी त्याचा आकार बदलत नाही. स्तनातले सिलिकॉनचे इम्प्लांट मात्र मऊ असते. त्याच्याभोवतीचे कवच आवळू लागले की आतली पिशवी दबून गोल होते, हाताला कडक लागते, पुढे दुखू लागते. वैद्यक याला 'कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर' म्हणते. प्रस्तुत लेखात मी 'कवच-आकुंचन' हा शब्द वापरतो.

मी डॉक्टर नाही. वैद्यकाचा जो काही अभ्यास झाला तो पुस्तके आणि शोधनिबंध वाचून, आणि जाणकारांना प्रश्न विचारून. छत्रपती संभाजीनगरात 'घाटी' आणि आमखास मैदानाजवळचे शासकीय कर्करोग रुग्णालय यांमुळे मराठवाडाभरातली कुटुंबे उपचारांसाठी येतात. त्यांतली काही ओळखीने कागदपत्रे समजून घ्यायला माझ्याकडेही येतात. अशाच एका बाईंची कर्करोगानंतरची स्तनाची पुनर्रचना दुसऱ्या शहरात झाली होती. दीड-दोन वर्षांत तो भाग दगडासारखा झाला. त्यांनी मला विचारले, "भाऊ, माझ्या अंगानं ते धरलं नाही. माझं काय चुकलं?" घरात पथ्याची चर्चा आधीच झालेली होती. वांगे खाल्ले म्हणून किंवा कुशीवर झोपल्या म्हणून कवच आवळत नाही, एवढे मी तेव्हाच सांगितले. पण मग ते कशाने आवळते, याचे उत्तर मोठे आहे.

आधी थोडा इतिहास. १९६२ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या शल्यविशारदांनी सिलिकॉन जेलचे पहिले इम्प्लांट एका स्त्रीला बसवले. सिलिकॉन रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय, म्हणून शरीर त्याची दखल घेणार नाही, अशी अपेक्षा होती. शरीराने दखल घेतलीच. कडकपणाच्या तक्रारी इतक्या येऊ लागल्या की १९७५मध्ये बेकर यांनी त्यांच्या चार पायऱ्या ठरवल्या. पहिलीत स्तन मऊ असतो. दुसरीत हाताला किंचित कडक लागतो. तिसरीत आकार डोळ्यांना बिघडलेला दिसतो. चौथीत तो कडक, थंड आणि दुखरा होतो. ही मोजपट्टी आजही वापरली जाते. एका नामवंत कंपनीच्या इम्प्लांटची अमेरिकेत दहा वर्षे पाहणी झाली. तिच्यात तिसऱ्या-चौथ्या पायरीचे आकुंचन केवळ आकारवाढीसाठी शस्त्रक्रिया केलेल्या स्त्रियांत सुमारे १९ टक्के, तर पुनर्रचना केलेल्या स्त्रियांत सुमारे २५ टक्के आढळले.

म्हणजे कवच तयार होणे हा आजार नाही. ते प्रत्येकीत होते. प्रश्न एवढाच की काहींमध्ये ते पातळ आणि शांत का राहते आणि काहींमध्ये आवळत का जाते. जखम भरताना तिच्या कडा जवळ ओढल्या जातात, हे आपण पाहतो. हे काम करणाऱ्या पेशी १९७१मध्ये जुलिओ गॅब्बियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखल्या. त्यांना मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. त्या तंतूही विणतात आणि स्नायूसारख्या आखडतातही. जखम भरली की त्यांनी निवृत्त व्हायचे असते. परंतु आत काही तरी सतत डिवचत राहिले, तर शरीराच्या लेखी जखम भरलेलीच नसते. मग या पेशी काम थांबवत नाहीत. कवच जाड होते आणि आवळते. तेव्हा कारणे शोधायची म्हणजे हे डिवचणारे कोण, ते शोधायचे.

पहिला संशय जिवाणूंवर आहे, आणि तो सर्वांत बळकट आहे. आपल्या कातडीवर स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस नावाचा निरुपद्रवी जिवाणू कायम राहतो. स्तनाच्या दुग्धनलिकांतही जिवाणू असतात. शस्त्रक्रियेत त्यांतले थोडे इम्प्लांटवर पोचले, की ते चिकट थर करून राहतात. चार-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या आमच्या शहरात टाकीच्या तळाशी धरणारा बुळबुळीत थर कोणाला सांगायला नको. हा त्याच जातीचा. त्यात दडलेल्या जिवाणूंपर्यंत प्रतिजैविके नीट पोचत नाहीत. ताप नाही, पू नाही, तपासणीतही पुष्कळदा काही सापडत नाही; पण धुसफूस चालू राहते. म्हणूनच जागरूक शल्यविशारद इम्प्लांटची जागा जंतुनाशकाने धुतात, इम्प्लांट हाताळण्यापूर्वी हातमोजे बदलतात आणि त्याला कातडीचा स्पर्श होऊ देत नाहीत. स्तनाखालच्या घडीतून छेद घेतला, तर बोंडाभोवतीच्या छेदापेक्षा आकुंचन कमी होते, या निरीक्षणालाही दुग्धनलिकांतल्या जिवाणूंचेच स्पष्टीकरण दिले जाते.

दुसरे कारण साचलेले रक्त. शस्त्रक्रियेनंतर इम्प्लांटभोवती रक्ताची गाठ राहिली, तर दाह वाढतो आणि जिवाणूंना खाद्य मिळते. तिसरे कारण खुद्द इम्प्लांट. १९७०च्या दशकातल्या पातळ आवरणाच्या पिशव्यांतून सिलिकॉन पाझरत असे. पुढे आवरणात रोधक थर आला. इम्प्लांट स्नायूखाली ठेवले तर आकुंचनाचे प्रमाण सामान्यतः कमी राहते. पृष्ठभाग खडबडीत केला तर तंतू एका दिशेने रांगेत लागत नाहीत, म्हणून आवळ कमी पडते, या विचाराने खडबडीत इम्प्लांट आले. त्यांचा उपयोगही झाला. परंतु अशा पृष्ठभागाशी लसिका पेशींच्या एका दुर्मिळ कर्करोगाचा संबंध दिसून आला आणि जुलै २०१९मध्ये ॲलर्गन कंपनीने आपली एका प्रकारची खडबडीत इम्प्लांट जगभरातून मागे घेतली. एक दोष घालवताना दुसरा पदरात आला.

आपल्याकडच्या स्त्रीला सर्वांत जवळचे कारण मात्र चौथे आहे: किरणोपचार. गाठ मोठी असेल किंवा काखेतल्या ग्रंथींत रोग पोचला असेल, तर शस्त्रक्रियेनंतर बहुधा किरणोपचार द्यावे लागतात, आणि आपल्याकडे पुष्कळ स्त्रिया याच टप्प्यावर रुग्णालयात पोचतात. किरणांनी बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, ऊती तंतुमय आणि ताठ होतात. अशा जागी इम्प्लांट असेल, तर आकुंचनाची शक्यता कैक पटींनी वाढते. किरणोपचार टाळायचे नसतात, ते जीव वाचवतात. पुनर्रचना कशाने आणि केव्हा करायची, हे मात्र ठरवता येते.

येथे महाराष्ट्राचा एक जुना दाखला कामाला येतो. इंग्रजांच्या सैन्यातला कावसजी नावाचा गाडीवान टिपू सुलतानाच्या ताब्यात सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्याकडच्या एका देशी वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक केले. ही हकीकत ऑक्टोबर १७९४च्या लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि युरोपला या शस्त्रक्रियेचा परिचय झाला. तिचे मर्म असे की कातडी त्याच माणसाची होती आणि तिचा रक्तपुरवठा तोडलेला नव्हता. पोटाच्या किंवा पाठीच्या ऊती वळवून स्तन घडवण्यामागे आज तेच तत्त्व आहे. आत परकी वस्तूच नसल्याने कवच धरायला काही उरत नाही. शस्त्रक्रिया लांब चालते, दुसरीकडे व्रण राहतो, किरणांचा थोडा परिणाम या ऊतींवरही होतो. तरी किरणोपचार ठरलेले असतील, तेव्हा हा पर्याय आधी विचारात घेण्यासारखा आहे.

आवळलेले कवच चोळून मोकळे होत नाही. पूर्वी डॉक्टर ते बाहेरून हातांनी दाबून फोडत. त्यात आतली पिशवी फुटे, म्हणून ती पद्धत मागे पडली. त्रासदायक आकुंचनावर सहसा पुन्हा शस्त्रक्रिया करून कवच काढतात आणि इम्प्लांट बदलतात किंवा कायमचे काढून टाकतात. आकुंचन स्वतः कर्करोग नव्हे. परंतु वर्षांनंतर अचानक सूज आली, पाणी साचले किंवा गाठ लागली, तर लाजेपोटी थांबू नये, तपासून घ्यावे.

यांतले एकही कारण बाईच्या वागण्यातले नाही. काही शस्त्रक्रियेच्या टेबलावरची आहेत, काही कारखान्यातली, काही उपचारांच्या क्रमातली. म्हणून प्रश्न विचारायचे ते शस्त्रक्रियेआधी आणि डॉक्टरांना: मला किरणोपचार लागतील का? लागणार असतील तर पुनर्रचना आधी की नंतर? इम्प्लांट की माझ्याच ऊती? पृष्ठभाग गुळगुळीत की खडबडीत? इम्प्लांटचे नाव आणि क्रमांक लिहिलेले कार्ड मला मिळेल का? घरातल्या माणसांनीही हे प्रश्न ऐकायला सोबत बसावे. पथ्याची चर्चा मग आपोआप थांबेल.