बीटाचा हंगाम

इंग्लंडच्या सफोकमधलं बरी सेंट एडमंड्स हे फुलांनी नटलेलं गाव. 1020 साली स्थापन झालेल्या मठाचे भग्न दगडी खांब आजही बागेत उभे आहेत. पर्यटक फोटो काढतात आणि मग विचारतात, हा वास कसला?

वास साखर कारखान्याचा. 1925 पासून तो इथे आहे. मी नगर जिल्ह्यातली, प्रवरानगरजवळ वाढलेली. तिथल्या ऊस कारखान्याच्या मळीचा आंबूस वास माझ्या ओळखीचा. इथला वेगळा. ऊस नाही, शुगरबीट. सप्टेंबरात हंगाम सुरू होतो आणि चिखलानं माखलेल्या कंदांचे ट्रक रांगेनं येतात. कंद धुऊन त्यांच्या पातळ फोडी करतात, गरम पाण्यात साखर उतरवतात, मग चुन्यानं स्वच्छ करून रस आटवतात. उरलेला चोथा वाळवून गुरांना घालतात. आटणाऱ्या रसाची वाफ भाजल्यासारखी, गोडसर. ती मला चालते. खरा त्रास धुण्याच्या पाण्याचा असतो. मातीत मिसळलेले कंदांचे तुकडे साठवण तळ्यात प्राणवायूविना कुजले की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याचा तो दर्प दोरीवरच्या ओल्या चादरीत बसतो, पुन्हा धुवावी लागते.

तरीही कारखाना हलवा, असं मी म्हणणार नाही. आजूबाजूच्या शेतकऱ्यांचं बीट इथेच येतं. पण वास सोसत बसणंही मला पटत नाही. इंग्लंडमध्ये अशा मोठ्या कारखान्यांवर एन्व्हायर्नमेंट एजन्सीची देखरेख असते. तुमच्या गावात कारखाना असेल, तर तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा वहीत लिहा, आणि ती वही घेऊनच तक्रारीला जा.