विडंबन शिकवताना

मंडळी, विडंबन शिकवता येतं का, असा प्रश्न मघाशी आला. आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. पण जालन्यात असताना मराठीचा तास रिकामा पडला की आम्हाला पाठवायचे, तेव्हा हा उद्योग आम्ही केलेला आहे.

पहिल्यांदा चुकलोच. आचार्य अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'बद्दल (1925) सांगितलं आणि म्हटलं, आता तुम्ही लिहा. एका मुलानं खेड्यावरून येणाऱ्या वर्गमित्राची बोली उचलली. वर्ग हसला. आम्हीही हसलो, हे कबूल केलं पाहिजे. तो मित्र पुढे महिनाभर वर्गात बोलला नाही.

ती टवाळी होती, विडंबन नव्हे. टवाळीला फक्त माणूस लागतो. विडंबनाला मूळ रचना पाठ असावी लागते. अत्र्यांनी रविकिरण मंडळाच्या कवींची खोड काढली ती त्यांची वृत्तं, त्यांचे लाडके शब्द, माधव ज्यूलियनांचा फारसी बाज हे सगळं नीट हाताळून. 'केशवकुमार' स्वतः गंभीर कविता लिहीत, ते उगाच नाही. (विडंबनाचा पहिला कर्ता म्हणून अॅरिस्टॉटल थेसॉसच्या हेगेमॉनचं नाव घेतो. म्हणजे धंदा जुना आहे.)

मग आम्ही 'दासबोध' घेतला. समर्थांचा जन्म 1608 सालचा, आपल्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा. मूर्खलक्षणांचा समास बऱ्याच मुलांनी घरी ऐकलेला. आधी दहा ओव्या हातानं उतरवायला लावल्या. तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. पहिल्या तिन्हींत माणसाचं वागणं, चौथ्यात निवाडा. हसू कुठून येतं बघा: ओवीचा थाट तोच ठेवायचा, अन् आत विषय घालायचा एसटी स्टँडचा नाहीतर गाइडचा. ओवी मोडली की हसूही गेलं. दुसरी अट घातली, पहिली ओवी स्वतःवर लिहायची. यावर मुलं बरीच कुरकुरली.

त्या गप्प झालेल्या मुलानं परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड उघडणाऱ्याची लक्षणं लिहिली. पहिली ओवी स्वतःवर, ठरल्याप्रमाणे. शेवटची मात्र पोरांबरोबर हसणाऱ्या मास्तरांवर होती.

ती आम्ही वर्गात मोठ्यानं वाचली. चौथ्या चरणात एक शब्द जास्त झाला होता, तेवढा त्याच्याकडून काढून घेतला.